अभिप्रायाचा रकाना

चौतीस वर्षं मी या शहराचा ताप मोजला.
पांढऱ्या झडपांची पेटी, चार पायांवर उभी,
दार उत्तरेला, ऊन आत डोकावू नये म्हणून.
आत दोन पारे शेजारी शेजारी:
एक कोरडा,
दुसऱ्याच्या पायाला ओल्या मलमलीची चिंधी.
दोघांमधलं अंतर म्हणजे हवेची तहान.
मुंबईच्या हवेला तहान फारशी नसतेच.

सकाळी साडेआठ. संध्याकाळी साडेपाच.
सव्वीस. सत्तावीस दशांश दोन. सव्वीस दशांश आठ.
दौतीतली शाई संपायची, आकडे तेच.
शेवटचा रकाना अभिप्रायाचा.
तिथे मी लिहीत आलो:
विशेष काही नाही.

कालिंदी देवळालीची.
येताना मामानं दिलेली दुलई घेऊन आली,
हातानं टाके घातलेली, म्हशीच्या पारड्याएवढी जड.
पहिल्या डिसेंबरात तिनं ती पांघरली
आणि मध्यरात्री लाथेनं खाली ढकलली.
"तुमच्याकडे थंडी असते तरी कधी?"
मी खात्याचा माणूस, म्हणालो:
सरासरीनुसार जानेवारीचा दुसरा आठवडा.
दुसरा आठवडा आला. पंखा दोनवर होता.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
रेशनच्या तांदळात खडा लागल्यावर पाहतात तसं.

मग तिनं स्वयंपाकघरात स्वतःची वेधशाळा उघडली.
मीठ बरणीतून मोकळं पडलं की मार्गशीर्ष.
खोबरेल तळाशी पांढरं झालं की थंडी,
बाटलीच्या खांद्यापर्यंत चढलं की "आज कडाका हं,"
आणि दुपारी एकला पुन्हा पाणी.
होळीनंतर लोण्याला आकार नाही.
मे महिन्यात गार पाण्याचा नळच गरम पाण्याचा,
आणि दुपारी वारा फिरून खाडीकडून आला
की गच्चीवरच्या कुरडयांवर वरवंटा ठेवायला धावायचं.
कपाटातल्या चपला हिरव्या झाल्या की श्रावण.
काडी ओढता ओढता तिचं डोकंच गळून पडलं की भाद्रपद.
ऑक्टोबरात ती काही बोलायचीच नाही.
पदरानं मान पुसायची,
पुन्हा पुसायची.

एका वर्षी पारा खरंच उतरला.
मी पेटीचं दार दोनदा उघडून पाहिलं: बारा दशांश सहा.
पोरगं पहिलं आल्यासारखा घरी निघालो.
नाक्यावरचा इस्त्रीवाला फुलचंद
निखाऱ्यांवर हात धरून उभा होता, गिऱ्हाइकं थांबलेली,
भाजीवालीनं डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.
घरात शिरलो तर ओट्यावर दुलई,
घडी मोडलेली, मधोमध फुगलेली.
आत काय?
"विरजण. कालपासून लागत नाहीये."
आणि हसत म्हणाली,
"या गावात थंडी माणसाला नाही वाजत,
दह्याला वाजते."

दुसऱ्या दिवशी मी अभिप्रायात लिहिलं:
दही उशिरा लागले.
गोडांबेसाहेबांनी तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारली,
शेजारी एक शब्द: असंबद्ध.
चौतीस वर्षांतली माझी तेवढीच नोंद
जी कुणीतरी वाचली होती.

आता खांबावर एक यंत्र आहे.
आकडे आपोआप जातात कुठेतरी,
दर पंधरा मिनिटांनी.
त्यात अभिप्रायाला जागा नाही, असं ऐकतो.
यंदाचं पौष अर्धं सरलं.
दुलईचा कापूस पिंजून उशा केल्या,
त्यातली एक माझ्या कमरेखाली असते.
साडेआठ वाजता सवयीनं जाग येते
आणि मी आतूनच विचारतो, किती?
खिडकीतून बाटली उचलल्याचा आवाज.
ती उजेडात धरत असणार,
जराशी तिरकी करत असणार.
वेळ घेते हल्ली, चष्मा बदलायचाय तिचा.

"हलतंय," ती म्हणते.
"पण मनापासून नाही."